खळ्यावर पडलेलं आरक्षण

आमच्या खळ्यावर आरक्षण पडल्याची बातमी आली तेव्हा बाबांना आनंद झाला. इतका, की त्यांनी आईला चहात साखर जास्त घालायला सांगितली.

त्यांचा काही दोष नव्हता. नव्वदच्या आगेमागे आरक्षण हा एकच शब्द सगळ्या देशाच्या तोंडात होता. नोकरीत कुणाला मिळणार, कॉलेजात कुणाला मिळणार, यावरून नाक्यावर रोज भांडणं व्हायची. आमच्यासारख्या भात लावणाऱ्या घरांनाही काहीतरी मिळेल अशी कुणकुण होती. त्यामुळे नगरपालिकेत शिपाई असलेले शेजारचे काका सायकल भिंतीला टेकवून म्हणाले, "तुमचे खळ्याव आरक्षण परलाय," तेव्हा बाबांनी मांडीवर थाप मारली. "पोरांना मिलल तवा मिलल. जमिनीला त मिलाला!"

मी तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. दहावीच्या पुढे गेलेली घरातली मी पहिली, आणि विषय राज्यशास्त्र. तरी मलासुद्धा गोंधळ कळायला चहा संपावा लागला. मग मी बाबांना समजावलं की हे ते आरक्षण नाही. शहराचा नवा विकास आराखडा निघालाय, त्यात आपली जागा सरकारने कशासाठी तरी राखून ठेवली आहे. आता तिथे आपल्याला बांधायची परवानगी मिळणार नाही.

बाबांनी कप खाली ठेवला. दादा शिफ्टवरून येऊन झोपला होता, तो उठून बसला.

कारण त्या खळ्यावर दादाचं लग्न अडकलं होतं. भिवंडीच्या टेमघरात आमचं घर दोन खोल्यांचं. त्याच्यामागे भात झोडायची मोकळी जागा, ते खळं. दादा नारपोलीला लूमवर, म्हणजे यंत्रमागावर कामाला होता. त्याचं अंबाडीच्या मुलीशी जवळजवळ ठरलं होतं. मुलीच्या वडिलांचं अंबाडी नाक्यावर किराणा दुकान. त्यांची अट एकच. पक्की खोली हवी, तिला वेगळं दार हवं, आणि खोली परवानगीची हवी. आमच्या भागात परवानगी घेऊन बांधणाऱ्या माणसाला जरा आजारीच समजायचे. पण त्यांच्या भाच्याची बिनपरवानगीची खोली पालिकेने गच्चीसकट उतरवली होती. "माजी पोर परद्याआड संसार करनार न्हाय," असं ते पहिल्याच बैठकीत म्हणाले होते, "आनि ढिगाऱ्याव पन करनार न्हाय."

दुसऱ्या दिवशी मी आणि बाबा आराखडा बघायला गेलो. नकाशा पालिकेच्या मोठ्या खोलीत भिंतीला लावला होता. लोक त्याला नाक लावून उभे होते आणि आपापली जमीन बोटाने दाबून बघत होते. पिवळा म्हणजे राहण्यासाठी, जांभळा म्हणजे कारखान्यांसाठी, हिरवा म्हणजे शेती. हिरव्यात एव्हाना इतके लूम लागले होते की तिथे दोन माणसांना एकमेकांशी ओरडून बोलावं लागे. जांभळ्यात बाबांच्या मावसभावाचे वाल आणि वांगी होती. ज्याने कुणी हे रंग भरले त्याचा हात सुरेख होता. तो भिवंडीत कधी उतरला असावा असं मात्र वाटलं नाही.

आमच्या खळ्यावर एक बारीक चौकोन होता. बाजूच्या तक्त्यात त्याचा अर्थ लिहिला होता: प्रसूतिगृह.

"म्हंजे?" बाबांनी विचारलं.

"बाळंतपणाचा दवाखाना."

बाबांनी चौकोनावर बोट ठेवलं. "आपले खळ्याव गावच्या बाया बालंत होनार, आनि आपली सून यायची तिला खोली न्हाय?"

मागे उभा असलेला एक जण म्हणाला, "चाचा, आपका तो अच्छा है. मेरे गोदाम पे बगीचा बिठाया है."

आराखड्यावर हरकती मागवल्या होत्या. माझ्या शिक्षणाचा घराला पहिल्यांदाच उपयोग व्हायची वेळ आली होती, आणि मी ती दवडणार नव्हते. मी हरकत लिहिली. त्यात 'प्रस्तुत भूखंड', 'उदरनिर्वाह' आणि 'सहानुभूतिपूर्वक विचार' हे सगळं होतं. बाबांनी मला कॉलेजला पाठवलं तेव्हा भावकीने त्यांना पुष्कळ टोमणे मारले होते. पोरगी शिकून काय कलेक्टर होनार काय, वगैरे. त्या सगळ्यांना त्या अर्जात उत्तर होतं असं मला वाटत होतं. अर्ज वाचताना आता हसू येतं, पण बाबांबद्दलची कृतज्ञता अजून तशीच आहे.

सुनावणीची तारीख लागली. जमीन बाबांच्या नावावर, त्यामुळे बोलायचं त्यांनीच. आठवडाभर आम्ही घरात तालीम केली. आई साहेब व्हायची आणि विचारायची, "काय काम हाय?" बाबा हात जोडून म्हणायचे, "साहेब, माजी हरकत हाय." दादा भाकरी खाता खाता म्हणायचा, "हात जोरू नका, हरकत हाय ना तुमची?"

त्या दिवशी बाबा धुवट टोपी घालून गेले. आमच्या आधीच्या माणसाने टेबलावर मूठ आपटली होती, त्यामुळे साहेब वैतागलेले होते. म्हातारा शांत माणूस समोर आलेला बघून त्यांना बरं वाटलं असावं.

"बसा काका. पंखा नाही इकडे, चालेल ना?"

"हरकत न्हाय साहेब," बाबा म्हणाले.

"चहा मागवलाय, घ्याल थोडा?"

"हरकत न्हाय."

"ही मुलगी का तुमची? बसू दे तिलाही."

"हरकत न्हाय, हरकत न्हाय."

साहेबांनी नकाशा पुढे ओढला. "हं. तर या प्रसूतिगृहाबद्दल तुमची काही हरकत?"

"न्हाय साहेब," बाबा म्हणाले, "हरकत न्हाय."

बाजूला बसलेल्या कारकुनाने ते लिहून घेतलं.

"बाबा!" मी ओरडले. बाबांच्या चेहऱ्यावर काय झालं ते उमटायला चहा येईपर्यंत वेळ लागला. मोठ्या माणसाने आदराने काही विचारलं तर नाही म्हणायचं नसतं, हे ते जन्मभर पाळत आले होते. आठवड्याची तालीम त्याच्यापुढे किती टिकणार?

मी उभी राहिले आणि 'प्रस्तुत भूखंड' सुरू केलं. साहेबांनी मध्येच थांबवलं. "ताई, तुम्ही बाई असून प्रसूतिगृहाला विरोध करता?"

कारकून हसला. या प्रश्नाचं उत्तर राज्यशास्त्रात नव्हतं.

"बोलता मात्र छान. कुठल्या कॉलेजात?" साहेबांनी विचारलं. मी सांगितलं. बाबांची मान एवढ्या गोंधळातही जरा ताठ झाली. मग आमच्या नावापुढे 'हरकत नाही' तसंच ठेवून पुढच्याचं नाव पुकारलं गेलं.

त्याच रविवारी बाबा मला घेऊन अंबाडीला गेले. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी आपण सांगावं, एवढंच त्यांच्या मनात होतं. दादा आला नाही. मोडायचंच असेल तर माझ्यासमोर नको, म्हणाला.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. बाबांनी सगळं सांगितलं, स्वतः काय बोलून बसले तेसुद्धा. मुलीचे वडील गुळाच्या ढेपेवरच्या माश्या हाकत ऐकत होते.

"आनि शिकलेली पोर हाय ना तुमची? तिनं काय केला?"

"ती चांगली बोलली," बाबा म्हणाले. "साहेबानं कॉलेज इचारला तिचा."

"मंग आता खोली?"

"घरातली आतली खोली देतू त्यांना. मागची भिंत फोरून दार काढतू. आमी तिघं बाहेरचे खोलीत ऱ्हाऊ. घर जुना हाय, आराखड्याचे आधीचा. त्याला कोन हात लावनार न्हाय."

"दार कुठं उघरनार?"

"खळ्याव."

"आनि खळ्याव उद्या कोन बांधनार?"

"सरकार."

मुलीचे वडील हात झाडून उठले आणि आम्हाला दुकानाच्या पायरीवर घेऊन आले. समोर रस्त्यापलीकडे एक पडकं जोतं होतं, त्यावर बकऱ्या. "यो सरकारी दवाखाना," ते म्हणाले. "माजी पोर शालंत जायला लागली तवापासना बांधतात." मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होते.

"तुमी न्हाय बांधनार," ते बोटांवर मोजत म्हणाले. "शेजारी न्हाय बांधनार. लूमवाला न्हाय बांधनार. सरकार त बांधतच न्हाय. म्हंजे माजे पोरीचे दारासमोर जन्मभर वारा."

"तसाच काय ते," बाबा म्हणाले.

"भिवंडीन हे कोनाला मिलतं?" त्यांनी आत वळून चहा सांगितला, आणि मला विचारलं, साखर किती घेता.

भिंत दादानेच फोडली, दोन शिफ्टच्या मधल्या वेळात. लग्न तुळशीच्या लग्नानंतर झालं, मांडव खळ्यावरच, कारण आरक्षित जागेवर मांडव घालू नये असं आराखड्यात कुठे म्हटलेलं नव्हतं. आजूबाजूला पुढच्या काही वर्षांत पत्र्याच्या शेड आणि तीनमजली चाळी उभ्या राहिल्या, पिवळ्यात, हिरव्यात, सगळ्याच रंगात. माझं बी.एड.चं वाचन त्या काळात वहिनीच्या दाराशीच झालं. तेवढ्याच जागी लूमचा आवाज जरा लांबून यायचा.

वहिनीने लग्नानंतरच्या पहिल्या सकाळी ते दार उघडलं तेव्हा बाबा खळ्यावर दात घासत होते.

"बाबा, इथं काय होणार आहे म्हणे?"

"दवाखाना."

"कधी?"

"ते इचारायचा ऱ्हायला," बाबा म्हणाले आणि चूळ भरायला वळले.