धाकटीच्या वाट्याचे गोटे

आमच्याकडं वाटनीची रीत आशी. थोरल्यानं वाटे पाडायचे आन् धाकट्यानं आधी उचलायचा. म्हंजे थोरला लबाडी करीत न्हाई.

आमच्या मालकानं दोन वाटे पाडले. एक काळं रान, इहिरीसकट. दुसरं नदीकडंचं, चांगलं मोठं, पर सगळं गोट्याचं. नांगर घातला की फाळ वाजायचा. मला वाटलं, आता दीर काळंच उचलनार. दिरानं आपल्या बायकूकडं बघितलं, आन् ती, माझी धाकटी जाऊ, म्हनली, "नदीकडंचं घ्या."

समदे हसले. येडी हाय म्हनले. मी त्या दिशी गूळ वाटला.

तिनं आसं का केलं ते मला हिवाळ्यात कळलं. नदीच्या पल्याड तिचं माहेर. हितनं तिनं पदर हालवला की तिथनं तिचा भाऊ हाळी द्यायचा. पानी उतरलं की गुडघाभर पान्यातनं यायचा, कधी हरभऱ्याचा डहाळा, कधी गाजरं. माझं माहेर लांब, तिसगावच्या अंगाला. मला तीन लेकरं झाली, एक गेलं, पर तिकडनं कुनी दारात आलं न्हाई. कुनाला बोलायचं?

माझ्या रानातबी थोडे गोटे निघायचे. नांगरट झाली की मी पाटीनं वेचायची आन् बांधावरनं तिच्या रानात टाकायची. तीस-पस्तीस वरीस टाकले. पाठ वाकली. मालक गेले, दीर गेला, मी टाकीतच राह्यले. तिनं एकदा बी हटकलं न्हाई. उलट त्याच ढिगावर बसून पल्याड बघायची.

मग परवाच्या साली तिच्या लेकानं मानसं आनली. नदीकाठची खडी काढायची म्हनं, रस्त्याच्या कामाला. जेसीबीनं चार खड्डे घेतले, पांढऱ्या फक्कीच्या रेघा मारल्या, लाल झेंड्या रवल्या. चष्मेवाला एक जन गोटा हातात घेऊन म्हनला, "एक नंबर माल! नदीनं आयता घासून ठेवलाय." मग माझ्या ढिगाकडं बघून म्हनला, "ह्यो बी धरा मोजमापात."

माझ्या डोक्यावरनं नेलेले गोटे! आन् ते तिच्या नावावर मोजायलेत. माझ्या काळ्या रानात त्या साली सोयाबीन पिवळं पडलं हुतं. मी बांधावर हुबी हुते. आतनं आशी जळाले की घोटभर पानीबी ग्वाड लागंना.

गाड्या जायला वाट मातुर माझ्याच रानातनं हुती. पुतन्या कागद घिऊन आला.

"थोरले आई, नुसती सही पायजे. बांधाकडंनी गाड्या जातील."

मी दुसरीपर्यंत शिकलेली, सही येती. म्हनलं, "ग्रामसभेत बघू."

ग्रामसभेत हुबी राह्यले. काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं. तोंडातनं निघालं, "हितली खडी उपसली की इहिरींचं पानी खाली जाईल. मी सही देनार न्हाई." खाली बसले तर लोकांनी टाळ्या वाजवल्या. शाळेतल्या बाई म्हनल्या, "आजींनी नदी वाचवली." मग बाकीच्यांनीबी इहिरींचं काढलं. काम मोडलं. झेंड्या निघाल्या.

इहिरीचं खोटं न्हाई. पर मला ती तिथं बोलताना आठवली, आधी न्हाई.

दुसऱ्या दिशी जाऊ बांधावर आली, त्या ढिगावर बसली.

"आक्का, तुमाला इहिरीची लई काळजी!"

"खरं सांगू? तुजं बरं झालेलं मला बघवंना."

"ते मला वाटनी झाली तवापसनं ठावं हाय," म्हनली आन् हसली. दात ऱ्हायले न्हाईत, पर हसनं तसंच. "बरं केलंत पर. लेकाला माझ्यानं न्हाई म्हनवंना. अंगठा द्यायला बसले तर हात उठंना. भाऊ आता थकला, नदी उतरवत न्हाई त्याला. सांजच्याला पल्याड येऊन बसतो, मी हितनं बघते. काठच खनून नेला आसता तर बसले कुठं आसते?"

म्हंजे मी जळून जे केलं, त्यातबी भलं हिचंच झालं.

तिनं पदराच्या वटीतनं डहाळा काढला. "भाच्यानं आनून दिला. घ्या."

घेतला. तिथंच बसून सोलून खाल्ला. लई ग्वाड हुता, त्याचाच जास्त राग आला.

औंदा नांगरट झाली तवा पाटीभर गोटे निघाले. आता डोईवर झेपत न्हाई, म्हनून एकेक उचलते आन् फेकते. तिच्याच ढिगावर.