विहिरीशी घासाघीस

उतारावर आम्हा चौघांची चार प्लेटिंगची शेडं, लोखंडी भागांवर क्रोम चढवायची. चौघांचंही धुण्याचं पाणी पिवळं, आणि चौघांचंही खालच्या ओढ्याला जायचं. पण धाकट्या भावाची ओढ्याकाठची विहीर पिवळी पडली तेव्हा त्यानं ग्रामसभेत नाव घेतलं ते एकट्या माझं. तो राग माझ्या मनातून आजही गेलेला नाही. त्या दिवसापासून भाऊ माझ्या घरच्या पाण्याला शिवला नाही. यायचा, सोप्यात बसायचा, बायको गूळ-पाणी पुढं ठेवायची आणि तो तसाच उठून जायचा. आमच्याकडं पाणी नळाचं, विहिरीचं नव्हे. तरीही.

म्हणून विद्यापीठातले तिघं संशोधक आले तेव्हा मी शेड उघडून दिलं. एक रसायनशास्त्राच्या मॅडम, एक इंजिनिअर आणि एक मातीतल्या जिवाणूंचा अभ्यास करणारे सर. उसाच्या चिपाडाचा कोळसा करून त्याचे त्यांनी मणी बनवले होते. पाण्यातलं क्रोम हे मणी धरून ठेवतात, असं मॅडम म्हणाल्या. प्रयोगशाळेत त्यांनी ते धरलंही होतं. माझ्या शेडात मात्र मणी भरलेल्या नळीतून पिवळंच पाणी आलं.

मी भडकलो. "मॅडम, यापेक्षा आमच्या घरातलं चहाचं गाळणं बरं हाय की!"

प्रयोगशाळेतलं पाणी त्यांनी स्वतः कालवलेलं होतं. माझ्या पाण्यात सुट्या भागांवरचं तेल आणि साबण. त्याचा थर मण्यांवर बसत होता. तिघं माझ्याच बाकड्यावर बसून एकमेकांशी भांडले. सर म्हणत, मणी बदला; इंजिनिअर म्हणे, आधी तेल काढा. शेवटी दोन्ही केलं: तेल काढायला आधी एक टाकी, मग नवे मणी. पावसाळा सरता सरता नळीतून नितळ पाणी पडू लागलं. मग बाकीच्या तिन्ही शेडवाल्यांनीही तशाच टाक्या बसवल्या.

मला वाटलं, मिटलं. मॅडमना आणि सरांना घेऊन भावाच्या विहिरीवर गेलो. त्यांनी नमुना काढला, सरांनी काठची माती उकरली.

"वरून येणारं थांबलं," मॅडम म्हणाल्या. "पण मातीत मुरलंय ते झिरपत राहणार. वीस वर्षं लागतील. कदाचित जास्तही."

"दहा धरा."

"मी धरून काय होणार, दादा?"

"मातीत जिवाणू सोडा, मणी ओता, कायतरी करा. बारा?"

"प्रयत्न करू. पण आकडा कमी करून सांगणार नाही."

जन्मभर मी समोरच्याचा आकडा ऐकला की त्यात त्यानं थोडं चढवलंय असं धरूनच बोललो. त्या बाईनं काहीच चढवलेलं नव्हतं.

संध्याकाळी भाऊ आला. सोप्यात बसला.

"काय म्हणाली ती बाई? खरं सांग."

दहा वर्षं, असं सांगायचं मी वाटेत ठरवलं होतं. म्हणालो, "वीस. त्याच्या वर बी जाईल. तुझ्या माझ्या हयातीत ते पाणी प्यायला मिळंल असं वाटत न्हाय."

त्यानं अंगणाकडं तोंड फिरवलं. मग म्हणाला, "पोरांस्नी तरी मिळंल?"

"बघू."

बायकोनं गूळ-पाणी आणून ठेवलं. त्यानं गुळाचा खडा उचलून तोंडात टाकला. तांब्याकडं हात नेला आणि मागं घेतला.

"येतो," म्हणाला.

तो गेल्यावर बायको तांब्या उचलायला आली. मी म्हटलं, राहू दे.