पतंगवाली बरणी

आई आमच्याकडे तोक्योला आली होती, तेव्हा देवळाच्या आवारात भरणाऱ्या जुन्या वस्तूंच्या बाजारातून तिने ही बरणी घेतली. पांढऱ्यावर निळी चित्रं. बागेत खेळणारी शेंडीवाली पोरं, त्यातल्या एकाच्या हातात पतंगाची दोरी. "चीनची आहे," असं विक्रेता वाकून वाकून सांगत होता. मी ते मराठीत सांगितलं, तर आई म्हणाली, "चिनी मातीची बरणी चीनची नाही तर काय नगरची असणार? झाकण घट्ट बसतं का विचार."

त्याला वाटलं, शोभेला नेतायत. आईने घरी येऊन ती उकळत्या पाण्याने धुतली, बाल्कनीतल्या उन्हात वाळवली आणि लिंबाचं लोणचं घातलं. तोंडाला फडकं बांधताना एका पोरावर बोट ठेवून म्हणाली, "हा बघ तू! दोरी दुसऱ्याच्या हातात, आणि हा नुसता तोंड वर करून उभा." बायको इतकी हसली की मला रागावल्याचं नाटक करावं लागलं.

आई पुण्याला परतली आणि त्याच हिवाळ्यात गेली. मी पोचलो तोवर सगळं उरकलं होतं.

मग मी ते लोणचं कुणाला वाढूच दिलं नाही. "अहो, लोणचं आहे ते, मुदत ठेव नाही," बायको म्हणायची. मी अधूनमधून फडकं सोडायचो, वास घ्यायचो, पुन्हा बांधायचो. पन्नाशीचा गृहस्थ, बरणीत नाक घालून उभा. त्यापेक्षा चित्रातला तो पोरगा बरा.

परवा ऑफिसातून आलो तर बरणी ओट्यावर पालथी, लखलखीत. लिंबाचं लोणचं मुरलं की काळं पडतं, हे इथे वाढलेल्या माझ्या मुलीला कोण सांगणार? सांगणारी गेली. मुलीने सकाळी ते जळाऊ कचऱ्यात टाकलं होतं आणि गाडी कचरा घेऊनही गेली होती.

"इट वॉज ऑल ब्लॅक, बाबा," ती म्हणाली. "पण आजीची बरणी ना, म्हणून मशीनमध्ये नाही घातली. हाताने घासली."

"छान केलंस," मी म्हणालो.

ती खोलीत गेल्यावर मी बरणी उचलली आणि सवयीने नाक आत घातलं. लिंबाचा वास आला. भांड्यांच्या साबणाचा.

फडकं शोधलं, तोंडाला बांधलं आणि बरणी होती तिथे ठेवून दिली.