नथीतले मोती

एक्स-रेच्या खोलीतला ओल्या फिल्मचा आंबूस वास आला, की मला अकोल्यातला एक जुना दवाखाना आठवतो. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांतात होतं. आईच्या नथीतले मोती तिच्या वडिलांनी दिलेले. ते काचेचे आहेत, असं बाबा प्रत्येक भांडणात म्हणायचे. दवाखान्यात आरपार पाहणारं यंत्र आल्याचं कळलं, तेव्हा आईच म्हणाली, "चला, एकदाचं पाहून घेऊ."

काच असेल तर फोटोत मोती जास्त पांढरे दिसतील, असं डॉक्टरांनी समजावलं. नथ खाली ठेवायला मात्र आईचा जीव होईना. "माह्या हातातच राहू द्या," ती म्हणाली.

फोटो धुऊन आला. "मोती खरे आहेत," डॉक्टर म्हणाले. आईनं बाबांकडे पाहिलं. पण बाबा नथीकडे बघतच नव्हते. फोटो उजेडात धरून ते त्यात उमटलेली, भाजीच्या मळ्यात राबून वाकडी झालेली तिची बोटं, झिजलेले सांधे निरखत होते.

"लय दुखत असन ना वं तुले?" त्यांनी हळूच विचारलं.

"आज पुसून राहिले तुमी!" आई म्हणाली आणि एकदम रडायलाच लागली.

मी लहान होते. मला वाटलं, मोती खरे निघाले म्हणूनच ती रडतेय.