मेहुण्याच्या जादा पट्ट्या

सहा तास न थांबता पळेल अशी स्पोर्ट्‌स कार आम्ही लातुरात बांधत होतो. आम्ही म्हणजे दोघंच. मी आकडेमोड करणारा इंजिनिअर आणि वेल्डिंगला माझा मेहुणा, नायगावकडचा ट्रॉल्या बनवणारा. शर्यत परराज्यात होती, पण बायकोची अट आधी होती: गाडीनं इथं सहा तास सलग पळून दाखवायचं, नाहीतर कुणीच कुठं जायचं नाही. गाडी आळीपाळीनं तिचा भाऊ आणि नवरा चालवणार होते, तेव्हा वाद घालायला जागाच नव्हती.

मेहुण्याचं शास्त्र वेगळं. त्याच्याकडं ट्रॉली घ्यायला आलेला शेतकरी आधी चार भावांना वर चढवून उड्या मारायला लावतो. करकरली नाही तरच घेतो. सांगाडा तयार झाल्यावर यानंही ओळखीचे चौघं बोलावले. मी पोचलो तेव्हा माझ्या स्पोर्ट्‌स कारवर चार धोतरं नाचत होती. सांगाडा हूं की चूं करेना. करेल कसा? प्रत्येक जोडावर यानं वरून एक जादा पट्टी मारलेली. वजन मात्र म्हशीएवढं.

मग मी चोरी सुरू केली. तो जेवायला गेला की ग्राइंडरनं एखादी पट्टी उडवायची आणि वर रंग फासायचा. गाडी हलकी होत गेली, मी स्वतःवर भलताच खूश.

चाचणी शिरूर अनंतपाळच्या वाटेवर, एका बंद गिरणीच्या आवारात. निंबाखाली घड्याळ घेऊन बायको. पाचव्या तासाला, मी चालवत असताना, मागचं चाक कलंडलं आणि गाडी घसटत थांबली.

मेहुणा खाली शिरला. नखानं रंग खरवडल्याचा आवाज आला. मी सारवासारवीची दोन-तीन भाषणं मनात तयार केली.

"दाजी," तो खालूनच हळू म्हणाला, "बाकीच्या बारा गेल्या तर जाऊ द्या. ही एक तेवढी काढायची न्हवती."

म्हणजे याला पहिल्या पट्टीपासून ठाऊक होतं.

तेवढ्यात बायको आली आणि काय तुटलं म्हणून विचारू लागली. मी तोंड उघडलं, तर खालून माझ्या घोट्यावर पान्याची टिचकी बसली.

"माझं वेल्डिंग कच्चं राहिलं, आक्का."

तिनं आम्हा दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं. उद्या पुन्हा पहिल्या मिनिटापासून, एवढंच म्हणाली.

त्या संध्याकाळी पट्टी मी धरली, टाके त्यानं मारले. दुसऱ्या दिवशी गाडी सहा तास पळाली. ती पट्टी तशीच उघडी ठेवली. रंग मारायला मीच नको म्हणालो.