बस्त्यात गप्प बसायचं

बस्त्याच्या आदल्या दिवशी मुलगी मला म्हणाली, "आई, उद्या दुकानात काही बोलू नकोस. तू फार बॉसी आहेस."

शब्द मला माहीत होता. चार माणसांना कामाला लावणारी बाई, असा त्याचा अर्थ. वापर मात्र विचित्र आहे. तिचे वडील खुर्चीतून न उठता पाणी, चष्मा आणि रिमोट मागवतात, त्यांना कुणी बॉसी म्हणत नाही. ते दमलेले असतात.

मी गप्प बसायचं कबूल केलं. शालू मुलाकडचे घेणार होते. आमच्या मुलीने मोबाइलवर बघून डाळिंबी रंग केव्हाच ठरवला होता, पण तो सांगायला लाजत होती.

बारामतीच्या दुकानात कळंबची मंडळी आली आणि मुलाच्या आत्याबाईंनी गादीवर टेकताच ताबा घेतला. "तुमी हितं सरका. दादा, पंखा लावा. ते भडक काढूच नका." नवऱ्या मुलाला तर त्यांनी दोनदा उठवून दोनदा बसवलं. मग त्यांनी भाजलेल्या शेंगदाण्याच्या रंगाचा शालू उचलला. "ह्योच घ्यायचा. मळला तरी कळत न्हाय."

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मी चहा प्यायले. तिने कोपर मारलं. मी आणखी एक चहा घेतला.

"आई, बोल की," ती कानात म्हणाली.

"मी बॉसी आहे."

"मग हो ना जरा."

"आणि या आत्याबाई कोण?"

"त्यांना अनुभव आहे."

तेवढ्यात दुकानातला माणूस तो शालू घेऊन काउंटरकडे निघाला. मुलीचे डोळे भरले.

"थांबा हो," मी त्याला म्हणाले. "इकडे आणा. आत्याबाई, उभ्या राहा. पदर खांद्यावर घ्या. आरशाकडे वळा. अजून थोडं."

आत्याबाई मुकाट्याने वळल्या.

"तुम्हालाच शोभतोय. हा आमच्याकडून तुम्हाला मानाचा. आणि पोरीसाठी एखादा डाळिंबी काढायला सांगा."

आत्याबाई आरशासमोरून हलेनात. "बरा दिसतोय की," त्या स्वतःलाच म्हणाल्या. मग मागे न बघताच हात हलवला. "दादा, पोरीला डाळिंबी घ्या."

परतताना मुलगी डाळिंबी शालूची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. तिच्या वडिलांनी गाडी सुरू करता करता मला विचारलं, "एवढा महागाचा मान द्यायचं कुणाला विचारून ठरवलंस?"

"पप्पा," मुलगी म्हणाली, "पुढं बघा आणि गाडी चालवा."