मामा रॅक बघायला जातात

सरळ उभ्या असलेल्या कुठल्याही वस्तूवर माझ्या मामांचा विश्वास नाही. धारवाडात सुभाष रोडवर त्यांचं काचेचं दुकान आहे. पुरुषभर उंचीच्या काचा चाळीस वर्षं हाताळून त्यांचं ठाम मत झालंय की काच आडवी टाकली तर आपल्याच वजनानं तडकते, आणि ताठ उभी केली तर जरा धक्का लागला की अंगावर येते. तिला किंचित मागं रेलवूनच ठेवावं. इथवर ठीक होतं. पण मामांनी हा नियम काचेपुरता ठेवला नाही. मळमड्डीत आमच्या घरी आले की जिन्यातली सायकल, कोपऱ्यातली छत्री, देवघरातल्या तसबिरी, सगळ्यांना येता-जाता थोडं कलतं करून मगच ते चपला काढतात. एका लग्नात नवरदेव अंतरपाटासमोर फारच ताठ उभा राहिलेला बघून ते अस्वस्थ झाले आणि शेजारच्या माणसाला म्हणाले, "मागं कुणीतरी धरा की. पोरगा पुढं यायलाय."

त्यांचा दुसरा नियम दोन्ही बाजूंच्या वजनाचा. काचेचा रॅक म्हणजे पाठीला पाठ लावून, खाली पाय फाकून उभ्या केलेल्या दोन चौकटी, आणि दोन्ही बाजूंना काचा. एकाच बाजूच्या काढत गेलं तर दुसरी बाजू जड होऊन सगळा डोलारा उलटतो. म्हणून एक इकडची काढायची, एक तिकडची. हे मामांच्या अंगात इतकं भिनलंय की बाजारातून येताना उजव्या पिशवीत कांदे जास्त झाले तर भर रस्त्यात थांबून ते डावीत भरतात. आमच्याकडच्या एका केळवणाला भिंतीकडच्या पंगतीत नऊ माणसं बसली आणि खिडकीकडच्या पंगतीत पाच. मामांनी वरणभात वाढून झाल्यावर भिंतीकडच्या दोघांना पानांसकट उठवून समोर बसवलं. त्यातले एक निवृत्त मामलेदार होते. ते अजूनही माझ्याशी बेतानंच बोलतात.

तर अशा या मामांच्या स्वतःच्या दुकानातला रॅक मात्र लाकडी आणि माझ्या आजोबांच्या वेळचा होता. अळणावरहून सागवान आणून त्यांनी तो करवून घेतलेला. त्याच्या एका पायात वाळवी शिरली होती, आणि मामा तिथं रॉकेलचा बोळा फिरवून "अजून बेश आहे" म्हणत राहिले. शेवटी वृंदा, त्यांची एकुलती मुलगी, त्यांच्यासमोर उभी राहिली. तिला पुण्यात नोकरी मिळत होती. ती म्हणाली, "अप्पा, दुकान मी बघते. पण या लाकडाजवळ रोज उभं राहणं व्हायचं नाही. दुकानात एक आणि टेंपोत एक, असे दोन लोखंडी रॅक हवेत. खंडेनवमीला त्यांची पूजा झाली तर मी इथं. नाही तर पुण्याला चालले."

"बघू या की," मामा म्हणाले, आणि खरोखरच बघायला लागले.

मुलीसाठी स्थळ बघायला जावं तसे ते हुबळीला जायचे. धुतलेलं धोतर, राहुकाळ टाळून प्रयाण, आणि सोबतीला मी. वर्कशॉपात गेल्यावर आधी चौकशी. वेल्डिंग कुणाच्या हातचं, यापूर्वीचे रॅक कुठं कुठं दिले, तिथं ते सुखानं आहेत का. पसंती होईपर्यंत चहालासुद्धा शिवायचं नाही. मग मुख्य परीक्षा. मामा टोपी माझ्या हातात देऊन रॅकवर चढायचे, पाठ टेकायचे, हात अंगालगत घेऊन डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "मी काच आहे. टेंपो खड्ड्यातून चाललाय. हलव." मी हलवायचो. पहिल्या ठिकाणी मालकानं मला बाजूला घेऊन "यांना घरी कोण कोण आहे?" असं विचारलं.

पहिला रॅक नापास झाला, कारण त्याचा तळ पाठीशी काटकोनात नव्हता. काचेचा सगळा भार एका कडेवर आला असता. दुसऱ्यात रबरामधून बोल्टचं डोकं वर आलं होतं. ही दोन्ही कारणं मलाही पटली. तिसरा नापास झाला तो निळा होता म्हणून. तेव्हा मात्र मला शंका आली.

चौथ्या वेळी वृंदा आमच्याबरोबर आली. खंडेनवमी आठवड्यावर होती. रॅक उत्तम होता. पाय रुंद, पाठ हवी तेवढीच कलती, तळाला जाड रबर, पट्टे आवळायला कड्या, टेंपोच्या फळीला पक्कं करायला भोकं. मालक कानडीत म्हणाला, "बेश अदरी, नोडरी." म्हणजे, झकास आहे, बघा. मामा चढले, टेकले, डोळे मिटले. मी जीव खाऊन हलवलं. साधं करकरलंही नाही. तरी मामा तसेच पडून म्हणाले, "इरली, राहू दे. नको हा. आवाज करतोय."

"अप्पा," वृंदा म्हणाली, "खरं काय ते सांगा की."

मामांनी डोळे उघडले नाहीत. "माझे हात बघ," ते म्हणाले, "टाके पडले नाहीत अशी जागा उरली नाही. रॅक मिळाला की तू राहतीस. नाही मिळाला तर पुण्याला जातीस, खुर्चीत बसतीस. म्हणून नापास करतोय."

वर्कशॉपातलं यंत्र बंद होतं, त्यामुळे हे सगळ्यांनी ऐकलं. वृंदा रॅकजवळ गेली. मग म्हणाली, "पुण्याला मी महिन्यामागंच नको म्हणून कळवलंय. तुम्ही ठरवाल म्हणून वाट बघत होते. रॅक आला नाही तर मी त्या जुन्या लाकडाजवळच उभी राहणार आहे."

मामा एवढ्या चपळाईनं खाली उतरले की मी रॅक धरला. "दोन द्या," ते मालकाला म्हणाले. "आजच टेंपोत घाला. आणि चहा सांगा."

खंडेनवमीला दोन्ही रॅकना हळदकुंकू लागलं, झेंडूच्या माळा पडल्या. दसऱ्यानंतर जुन्या रॅकवरच्या काचा हलवायच्या होत्या आणि मी बघायला गेलो होतो. मोठी काच दोघांनी न्यावी लागते. पुढचा माणूस रस्ता बघतो, वेग ठरवतो. मागच्यानं त्याच्यावर भरवसा ठेवून पाऊल टाकायचं. इतकी वर्षं मामांनी पुढची बाजू कुणालाही दिली नव्हती. त्या दिवशी त्यांनी हातमोजे चढवले आणि ते मागं जाऊन उभे राहिले. वृंदानं एकदा त्यांच्याकडं बघितलं.

"चल की," मामा म्हणाले. "मी आहे मागं."

ती निघाली, सावकाश, एकेक पाऊल बघत. मला फार बरं वाटलं, आणि थोडं वाईटही. कारण आयुष्यभर सगळ्यांना आपल्या मागून चालवणारे माझे मामा, मान खाली घालून, तिच्या पावलानं चालत होते.